शेवाळाची बखर

शेवाळ या शब्दाला मराठीत मान नाही. विहिरीच्या पायरीवर ते असले की पाय घसरतो, पाण्याच्या टाकीत धरले की घरची माणसे खराटा घेऊन टाकीत उतरतात, आणि तळ्यावर पसरले की ते तळे वापरातून गेले असे आपण समजतो. संस्कृत कवींनी शैवल पाहिले, तेही कमळ अधिक उठून दिसावे एवढ्यापुरतेच. अशा उपेक्षित वनस्पतीचा इतिहास लिहावा असे आम्हांस वाटले, याचे कारण त्या इतिहासातले एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच दारात घडले आहे. मुंबईचे तलाव, वांद्र्याचे तळे, वज्रेश्वरीची उन्हाळी, ठाण्या-वसईच्या खाड्या आणि भाताची खाचरे ही त्याची ठिकाणे. त्यांतील कित्येक पाणथळींवर आज डांबरी रस्ते आणि इमारती आहेत. उरलेल्या पाणथळींचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र अद्याप आपल्या हातात आहे.

प्रथम एक खुलासा. शेवाळ हे एका वनस्पतीचे नाव नव्हे. मूळ, खोड, पान, फूल यांपैकी काहीही नसताना सूर्यप्रकाशाच्या बळावर स्वतःचे अन्न शिजवणाऱ्या असंख्य कुळांना मिळून आपण हा एक शब्द वापरतो. त्यात ओल्या केसांसारखी लांब वाढणारी स्पायरोगायरा येते, काचेच्या डबीसारख्या कवचात राहणारे सूक्ष्म डायटम येतात, आणि आज शास्त्रज्ञ ज्यांची गणना जिवाणूंत करतात ती नील-हरित शैवालेही येतात. गावात जसे पाडे असतात तसे एकाच तळ्यात यांचे पाडे असतात. पाणी गोडे की मचूळ, स्वच्छ की सांडपाण्याने जड झालेले, उन्हाळ्याचे की पावसाळ्याचे, यावर कोणाची वस्ती वाढणार आणि कोणाची उठणार हे ठरते. कोणत्याही पाणथळीचे आरोग्य जाणायचे असेल तर या वस्तीची शिरगणती करावी, असे आजचे शास्त्र सांगते. ही दृष्टी येण्यास मात्र बराच काळ लागला.

आमच्या बखरीचा पहिला पुरुष म्हणजे डॉ. हेन्री जॉन कार्टर. १८१३ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात जन्मलेले हे गृहस्थ १८४२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील वैद्यकीय सेवेत आले आणि १८६२ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी गेले. मधल्या काळात ‘पॅलिन्युरस’ या मोजणीच्या जहाजावरून त्यांनी अरबस्तानचा आग्नेय किनारा पाहिला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे ते चिटणीस होते, आणि पश्चिम हिंदुस्थानच्या भूशास्त्रावरील निबंधांचा एक मोठा संग्रह त्यांनी १८५७ मध्ये संपादित केला. एवढा व्याप सांभाळून त्यांचे मन रमत असे ते मुंबईच्या तलावांत.

त्या काळी विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आलेले नव्हते. ते आले १८६० मध्ये. तोवर मुंबई बेट आपल्या विहिरींचे आणि तलावांचे पाणी पीत असे. म्हणजे ज्या पाण्यावर लोकांचे जीवन चालत होते तेच पाणी हे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत होते. १८४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मुंबईच्या तलावांतील गोड्या पाण्याच्या स्पंजांवर लिहिले. त्यांतील एका स्पंजाला पुढे १८६३ मध्ये बोअरबँक या अभ्यासकाने कार्टर यांचेच नाव दिले. १८५६ मध्ये मुंबई बेटावरील गोड्या पाण्यातील सूक्ष्म जीवांवरचा त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. मग १८५८ आणि १८५९ मध्ये लंडनच्या ‘अ‍ॅनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी’ या नियतकालिकात हिरव्या शैवालांच्या गर्भधारणेसंबंधी त्यांचे निबंध आले. त्यांतील दुसरा व्हॉल्व्हॉक्ससंबंधी होता, आणि त्याच्यापाशी आम्हांस थोडे थांबावयाचे आहे.

व्हॉल्व्हॉक्स म्हणजे हिरवा पोकळ गोल. पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरले तर तीक्ष्ण नजरेच्या मुलाला तो खसखशीच्या दाण्यासारखा, किंबहुना त्याहूनही लहान, गडगडत जाताना दिसतो. लेव्हेनहुक या हॉलंडच्या कापडव्यापाऱ्याने १७०० सालच्या एका पत्रात त्याचे वर्णन केले होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले म्हणजे कळते की, हा एक जीव नसून वसाहत आहे. कार्टर यांनी मुंबईत पाहिलेल्या जातीच्या एका गोलात सुमारे दोन हजार लहान पेशी असतात. प्रत्येकीला दोन चाबकासारखे केस असतात आणि त्यांच्या वल्हवण्याने सारा गोल पुढे सरकतो. आतल्या बाजूस सोळाच्या आसपास मोठ्या पेशी असतात. त्या वल्हवत नाहीत. त्यांचे काम पुढची पिढी घडवण्याचे. लहान पेशी आपले काम करून काही दिवसांत मरतात, मोठ्या पेशींपासून नवे गोल तयार होतात आणि आईच्या पोटातून बाहेर पडतात. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात ‘एक’ आणि ‘अनेक’ यांच्या व्याख्या घोकताना आमची जी तारांबळ उडे, ती या गोलाने क्षणात वाढवली असती. हा एक आहे की दोन हजार आहेत, हे ठरवणे खरोखरच कठीण आहे.

कार्टर यांनी या मंडळींत नर-मादीचा भेद आणि बीजधारणा कशी होते ते पाहिले, चित्रे काढली, आणि दोन प्रकारच्या व्हॉल्व्हॉक्समधील फरक नोंदला. स्वतः त्यांनी मुंबईच्या जातीला नवे नाव दिले नाही. ते दिले प्रागचे प्राध्यापक फ्रीडरिख फोन श्टाइन यांनी. १८७८ मध्ये त्यांनी कार्टर यांच्या वर्णनाचा आधार घेऊन या जातीचे नामकरण ‘व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी’ असे केले. हे नाव आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोज उच्चारले जाते. एका पेशीच्या जीवापासून अनेक पेशींचे शरीर कसे निर्माण झाले असावे, कामाची वाटणी कशी झाली असावी, याचा शोध घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी हाच जीव निवडला आहे. २०१० मध्ये त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासातील वाण जपानमधून गोळा केलेला आहे, पण त्याच्या प्रकाराचे नाव ‘नागरिएन्सिस’ आहे आणि ते मद्रासचे थोर शैवालशास्त्रज्ञ एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९३३ मध्ये दक्षिण भारतातील व्हॉल्व्हॉक्सच्या अभ्यासातून दिलेले आहे. म्हणजे जपानी पाण्यातला जीव, त्यावर मुंबईच्या डॉक्टरांचे नाव आणि त्याखाली मद्रासच्या प्राध्यापकांची मोहर.

या जीवाची आणखी एक गोष्ट आपल्या हवामानाशी जोडलेली आहे. १९८६ मध्ये कर्क दांपत्याने प्रयोगाने दाखवले की, पाणी तापले म्हणजे व्हॉल्व्हॉक्स एक रासायनिक इशारा सोडतो आणि मग नर-मादीच्या पेशी तयार होऊ लागतात. त्यांच्या मीलनातून जाड कवचाचे, नारिंगी-तांबूस बीज होते. तळे आटले, चिखलाला भेगा पडल्या, तरी ते बीज चिखलात टिकून राहते आणि पाऊस पडला की फुटते. वैशाखात कोरडे पडणारे आणि ज्येष्ठ-आषाढात भरणारे डबके हेच याचे खरे घर. बारमाही तुडुंब पाणी म्हणजेच चांगले पाणी, हा आपला समज सर्वस्वी खरा नाही.

१८५८ मध्येच कार्टर यांनी मुंबईच्या किनाऱ्याभोवती समुद्राचे पाणी लाल का होते याचाही शोध घेतला आणि ते एका सूक्ष्म जीवाचे काम असल्याचे सांगून त्याचे नाव ‘पेरिडिनियम सँग्विनियम’ ठेवले. हे वाचताना आमच्या वाचकांना निर्गमाच्या ग्रंथातील रक्तवर्ण नाईल आठवेल. ग्रेटा हॉर्ट या विदुषीने १९५७ मध्ये त्या प्रसंगाची संगती पुराच्या पाण्यातील लाल सूक्ष्म जीवांशी लावण्याचा प्रयत्न केला होता. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. एवढेच म्हणतो की, पाणी लाल होताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना मोशेच्या काळच्या मिसरी लोकांची भीती समजावून सांगावी लागत नाही.

कार्टर गेले आणि पाठोपाठ त्यांचे तलावही जाऊ लागले. नळाचे पाणी आल्यावर तलावांची निगा कोण राखणार? धुणी, जनावरे, केरकचरा यांनी ते घाण झाले. पुढे हिवतापाचे कारण डास असल्याचे सिद्ध झाले आणि १९११ मध्ये डॉ. सी. ए. बेंटली यांचा मुंबईच्या हिवतापावरील अहवाल आला. त्यांनी मुख्य दोष विहिरी आणि टाक्यांत वाढणाऱ्या डासांना दिला होता. पण साचलेल्या प्रत्येक पाण्याकडे शत्रू म्हणून पाहण्याची दृष्टी त्या काळात पक्की झाली. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी ही नावे आजही बसच्या पाट्यांवर आहेत. पाणी मात्र कोठेच नाही. हिवतापाने घरेच्या घरे आजारी पडत असताना तलाव बुजवणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. रुग्णाला तेलमाखण्यास गेलेल्या धर्मगुरूला ताप म्हणजे काय ते ठाऊक असते. खंत एवढीच की, बुजवण्यापूर्वी त्या पाण्यांत कोण राहत होते याची नोंद कार्टर यांच्यानंतर फारशी कोणी घेतली नाही.

योगायोग असा की, याच धोबी तलावाच्या परिसरात १८६९ मध्ये येशूसंघाचे सेंट झेवियर्स कॉलेज सुरू झाले आणि पुढे पश्चिम भारतातील वनस्पतिशास्त्राचे ते माहेरघर बनले. स्वित्झर्लंडचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर १९०३ मध्ये तेथे आले. १९०५ मध्ये त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील खारफुटीवर निबंध लिहिला. खारफुटी म्हणजे सरपण आणि चिखल, यापलीकडे जेव्हा कोणी पाहत नव्हते तेव्हाचा हा निबंध आहे. कॉलेजातील वनस्पतिसंग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे. त्यांच्यानंतरचे फादर सांतापाव हे तर १९६१ पासून काही वर्षे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक होते. या दोघांची पुण्याई मोठी. पण दोघेही मुख्यतः फुलझाडांत रमले. शेवाळाकडे वळले ते इतर. १९३६ मध्ये दीक्षित यांनी मुंबई इलाख्यातील नील-हरित शैवालांवर लेखन प्रसिद्ध केले. त्याआधी १९२७-२८ च्या सुमारास डेन्मार्कचे बॉर्गेसेन येऊन आपल्या समुद्रकिनाऱ्यावरची शैवाले गोळा करून गेले होते.

आणि मग येते ते नाव, जे आमच्या वाचकांना घरचे वाटेल: डॉ. एला गोन्साल्विस. मुंबईच्या विज्ञान संस्थेत वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या या विदुषीने डी. बी. जोशी यांच्याबरोबर १९४६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता वांद्र्याच्या तळ्यातील शैवालांचा ऋतुमानाप्रमाणे बदलणारा क्रम. वांद्रे स्टेशनासमोरचे हे तळे आमच्या कित्येक वाचकांनी बसच्या खिडकीतून पाहिले असेल. नवपाड्याच्या एका सधन कोकणी मुसलमानाने ते बांधविले असे सांगतात, आणि आता त्याला स्वामी विवेकानंदांचे नाव आहे. या तळ्याकडे गोन्साल्विस आणि जोशी यांनी एखाद्या गावाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीकडे पाहावे तसे पाहिले. कोणत्या महिन्यात कोण आले, कोण वाढले, कोण नाहीसे झाले, आणि त्या वेळी पाण्याची स्थिती काय होती. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी गढूळ आणि पातळ होते, पाऊस ओसरल्यावर ते निवळते आणि हिवाळ्यात हिरवे धागे माजतात, उन्हाळ्यात पाणी आटून जड झाले की साधारणतः नील-हरित शैवालांचे राज्य येते. हा फेरा डोळ्यांना दिसतो, पण तो महिन्यामहिन्याने लिहून ठेवला म्हणजेच त्याचा पुरावा होतो. आपल्या देशात एकाच तळ्यावर बसून असा संसार नोंदल्याची जी आरंभीची उदाहरणे आहेत, त्यांत वांद्र्याच्या तळ्याचे नाव आजही घेतले जाते.

पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, गोन्साल्विस यांनी वज्रेश्वरीच्या उन्हाळ्यांतील शैवालांवर लिहिले. जेथे हात घालवत नाही अशा पाण्याच्या कडेला निळसर-हिरवा थर असतो. नील-हरित शैवालांच्या काही जातींना तो उकाडा मानवतो. १९४९ मध्ये गंगला यांच्यासह त्यांनी भातशेतीच्या मातीतील शैवालांवर लेख लिहिला. ओडोगोनियम आणि त्याच्या कुळावरील त्यांचा मोठा ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या सभांतून आपण पुष्कळांचे सत्कार करतो. तळ्याच्या काठी बाटल्या भरणाऱ्या या बाईंचे नाव त्या व्यासपीठांवर आम्ही कधी ऐकले नाही.

भातशेतीचा उल्लेख आला म्हणून एक मुद्दा सांगितलाच पाहिजे. खत न घालता वर्षानुवर्षे त्याच खाचरात भात कसा पिकतो, हे कोडे युरोपीय शेतीतज्ज्ञांना पडे. १९३९ मध्ये पी. के. डे या बंगाली शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे उत्तर दिले: खाचरातल्या साचलेल्या पाण्यात वाढणारी नील-हरित शैवाले हवेतील नत्र धरून मातीला देतात. पुढे बनारसच्या आर. एन. सिंह यांनी हेच शेवाळ वाढवून उत्तरेकडील उसर जमीन सुधारता येते असे १९५० मध्ये दाखवले आणि १९६१ मध्ये भारतीय शेतीतील नील-हरित शैवालांच्या कार्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आमच्या आजोबांच्या पिढीने लावणीच्या वेळी पायाला लागणारा बुळबुळीत थर कधी काढून टाकला नाही. त्यांना नत्र ठाऊक नव्हता. पण शेताचे पाणी ‘मुरलेले’ असावे हे ठाऊक होते. मग पोत्यातले खत आले. नत्राचे खत भरपूर पडले की ही शैवाले नत्र धरण्याचे काम सोडून देतात. फुकट मिळते तर कष्ट कोण करणार?

आता गोड्या पाण्याकडून खाडीकडे येऊ. खाडीचे पाणी म्हणजे दिवसातून दोनदा स्वभाव बदलणारे पाणी. भरतीला खारट, ओहोटीला मचूळ, श्रावणात जवळजवळ गोडे. हे ज्याला सोसते तोच येथे राहतो. दगडांवर आणि जुन्या होड्यांच्या बुडाला हिरव्या नळ्यांसारखे जे शेवाळ लोंबते त्याची कथा गमतीची आहे. १७५३ मध्ये लिनियसने त्याला ‘उल्व्हा’ या कुळात घातले. १८२० मध्ये ते वेगळे काढून ‘एन्टेरोमॉर्फा’ हे नवे कुळ स्थापण्यात आले, आणि पावणेदोनशेहून अधिक वर्षे विद्यार्थ्यांनी तेच पाठ केले. आम्हीही तेच केले. २००३ मध्ये जनुकांची तपासणी झाली आणि असे आढळले की, दोन्ही कुळे वेगळी नाहीतच. लिनियसचेच म्हणणे बरोबर होते. गोम अशी की, हे शेवाळ पाण्याच्या खारटपणानुसार आपले रूप बदलते, आणि विद्वान रूपाला भुलले.

खारफुटीत शिरले तर तिवराच्या चिखलातून वर आलेल्या श्वासमुळ्यांवर तांबूस-जांभळी लव दिसते. ही लाल शैवाले होत. बॉस्ट्रिकिया, कॅलोग्लॉसा, कॅटेनेला ही त्यांची नावे. ओहोटीत ती उन्हात वाळतात, भरतीत पुन्हा जिवंत होतात. चिखलावर ओहोटीच्या वेळी जो सोनेरी-तपकिरी तकाकीचा पापुद्रा दिसतो तो डायटमचा. आता आपले ताट आठवा. बोय हा मासा चिखलावरचा हाच पापुद्रा आणि कुजके कण खाऊन वाढतो. निवट्यांपैकी एक मोठी जात डोके डावी-उजवीकडे हलवत हाच थर खरवडून खाते, जणू चिखलाचे शेत नांगरते आहे. कालवे, शिंपल्या आणि खुबे पाण्यातून गाळून घेतात तेही मुख्यतः सूक्ष्म शैवालच. खाडीकाठच्या आपल्या बायका निवट्या आणि कालवे घेऊन बाजाराला बसत, तेव्हा त्या टोपलीत खाडीच्या शेवाळाचेच पीक असे.

ठाण्याच्या खाडीत १९९० च्या दशकापासून हजारोंच्या संख्येने रोहित पक्षी येऊ लागले. त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या अन्नातून, म्हणजे शेवटी शैवालातील रंगद्रव्यातून येतो. २०१५ मध्ये तेथे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये खाडीला रामसर यादीत स्थान मिळाले. वृत्तपत्रांतील छायाचित्रे पाहून आपण हरखतो. पण यात एक अडचणीची बाब आहे. लहान रोहिताचे अन्न असलेली सूक्ष्म शैवाले सांडपाण्यावर पोसली जातात, आणि मुंबई-ठाण्याचे सांडपाणी खाडीत विपुल आहे. गुलाबी पक्षी म्हणजे निर्मळ पाण्याचे प्रशस्तिपत्र, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मिठागरांचा उल्लेख थोडक्यात करतो. नायगावपासून भाईंदर-भांडुपपर्यंत आगरी बांधवांनी पिढ्यान्‌पिढ्या खाडीचे पाणी वाफ्यावाफ्यांतून फिरवून मीठ पिकवले. पहिल्या साठवणीच्या वाफ्यात शैवालांचा चामड्यासारखा थर तळाशी बसतो आणि पाणी झिरपू देत नाही. शेवटच्या वाफ्यात पाणी समुद्राच्या कितीतरी पट खारट होते, तेथे ‘डुनालिएला’ हे एकपेशी शैवाल लाल होऊन राहते. १८३८ मध्ये फ्रान्समध्ये मिठागरांचा हा लाल रंग वर्णिणारे वनस्पतिशास्त्रज्ञ द्युनाल यांच्या स्मरणार्थ १९०५ मध्ये त्याला हे नाव मिळाले. त्या लालीने ऊन अधिक शोषले जाते आणि मीठ लवकर धरते. रंग दिसल्याशिवाय फळी न लावणारा आगरी या निबंधांतून काही शिकला नव्हता.

शेवटी आमच्या वसईचे बावखल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की, वाडीत विहिरीजवळ खणलेले आणि पावसाचे पाणी धरणारे छोटे तळे म्हणजे बावखल. किनाऱ्यालगतच्या आपल्या जमिनीत खारे पाणी खाली आणि पावसाचे गोडे पाणी त्यावर तरंगत असते. बावखल त्या गोड्या थराला भर घाली, विहीर त्यातून घेई, आणि रहाटाने ते पाणी पानवेलीला, केळींना, फुलझाडांना मिळे. १९८० नंतर टँकर आले, पंपांनी उपसा वाढला आणि विहिरी मचूळ होऊ लागल्या. नळ आल्यावर बावखलाचे काम संपले असे ठरवून आपण ते बुजवू लागलो. मुंबईने शंभर वर्षांपूर्वी केले तेच आपण केले. फरक एवढाच की, मुंबईला निदान हिवतापाची सबब होती.

या बदलाची वर्दी सर्वांत आधी शेवाळ देते. १९०८ मध्ये कोल्कविट्झ आणि मार्सोन यांनी जर्मनीत दाखवले की, पाण्यातील शैवालांवरून ते किती दूषित आहे हे ओळखता येते. १९२७ मध्ये कोल्बे यांनी निमखाऱ्या पाण्यातील डायटमची खारटपणानुसार वर्गवारी केली. १९६९ मध्ये पामर यांनी प्रदूषण सहन करणाऱ्या शैवालांना गुण देण्याची पद्धत बसवली. ती आपल्या महाविद्यालयांतून आजही वापरली जाते. जिभेला खारटपणा कळण्यापूर्वी डायटमची वस्ती बदललेली असते. बावखलात सांडपाणी सोडले तर तेथे हिरवा साका येतो. दिवसा तो प्राणवायू देतो, रात्री तोच प्राणवायू ओढून घेतो, आणि पहाटे मासे तोंड वर काढून मरतात. लोक म्हणतात कोणी विष टाकले. बहुधा विष टाकणारा त्याच वाडीतला असतो आणि त्याने फक्त न्हाणीघराचा पाइप तिकडे वळवलेला असतो.

कायद्याकडे पाहावे तर तेथेही गंमत आहे. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांनी भाताची शेते, पिण्याच्या किंवा शेतीच्या पाण्यासाठी माणसाने खणलेली तळी आणि मिठागरे यांना व्याख्येतून वगळले. निसर्गाने केलेली पाणथळ तेवढी पाणथळ. आजोबांनी केलेली नव्हे. या लेखात आलेल्या बहुतेक जागा, बावखलासह, अशा रीतीने त्या नियमांच्या बाहेर पडतात. पाण्याने मात्र ही व्याख्या वाचलेली नाही. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली होते, वीज नव्हती, आणि मिठागरांतील कामगार कुटुंबे पुरात अडकून पडली होती. जिरायला जागा न मिळालेले पाणी घराघरांत आले.

आमच्या शेजारच्या एका वाडीत बावखल बुजवून काही वर्षे झाली होती. तेथे इमारतीचा पाया खणताना यंत्राच्या तोंडी प्रथम भरणीची तांबडी माती, मग विटांचे तुकडे आणि त्याखाली काळाभोर, मऊ, पाणथळ वासाचा चिखल लागला. डायटमची काचेची कवचे कुजत नाहीत. अशा चिखलाच्या थराथरांत त्या पाण्याची वर्षे कोणते वर्ष गोडे आणि कोणते खारे गेले यासकट मांडलेली असतात. वाडीतील एका वृद्ध मावशींनी तो चिखल ओळखला आणि तो आपल्या केळींना घालावा म्हणून दोन घमेली मागून घेतली. उरलेला ट्रकने नेऊन खाडीच्या काठावर, तिवरांच्या मुळांशी ओतण्यात आला.